अमेरिकी वंशावळ : हरवलेले कागद, भांडणारे कागद

अमेरिकेतल्या एखाद्या कुटुंबाची वंशावळ मागे नेत गेले की १८५० सालापाशी वाट एकदम अरुंद होते. त्या वर्षीच्या जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव, वय आणि जन्मस्थान लिहिले गेले. त्याआधीच्या सहा जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव सापडते, बाकीची माणसे रकान्यांतले आकडे होऊन बसली आहेत. १७९० च्या पहिल्या जनगणनेत ३९,२९,२१४ माणसे मोजली गेली, पण त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणी विचारलीच नाहीत. बायको, मुले, म्हातारी आई, घरी राहणारा भाऊ हे सगळे वयाच्या आणि वर्णाच्या गटांत विरघळून गेले. १८५० च्या यादीतही कुटुंबप्रमुखाशी नाते काय ते लिहिलेले नाही. तो रकाना १८८० मध्ये आला. त्यामुळे पुरुषाच्या नावाखाली आलेली स्त्री त्याची बायकोच असेल असे धरून चालणे धोक्याचे ठरते. ती बहीण असू शकते, विधवा भावजय असू शकते.

१६०७ मध्ये जेम्सटाऊनची वसाहत झाली. तेव्हापासून १८५० पर्यंतच्या अडीचशे वर्षांत पिढी पिढीला कशी जोडायची, हा अमेरिकी वंशावळशास्त्राचा मध्यवर्ती प्रश्न आहे. नावांची साखळी तयार करणे सोपे असते. साखळीतली प्रत्येक कडी, म्हणजे हा मुलगा याच बापाचा, हे वेगळे सिद्ध करावे लागते. दहा पिढ्यांतली एक कडी चुकली तर तिच्या वरचे सगळे पूर्वज दुसऱ्याच कोणाचे तरी निघतात.

नोंदी किती मिळतील हे पूर्वज कुठल्या वसाहतीत राहिला यावर बरेचसे ठरते. १६२० ते १६४० या काळात सुमारे वीस हजार इंग्रज न्यू इंग्लंडमध्ये आले. ते गावे करून राहिले आणि गावाचा कारभार लिहून ठेवण्याची त्यांना सवय होती. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदवण्याचा कायदा १६३९ मध्येच झाला. दक्षिणेकडे व्हर्जिनियात माणसे तंबाखूच्या मळ्यांवर विखुरलेली होती. तिथे ही नोंद चर्चच्या पॅरिशकडे होती आणि बहुतेक पॅरिशच्या वह्या आता उरलेल्या नाहीत. संपूर्ण व्हर्जिनियासाठी जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८५३ मध्ये सुरू झाली. पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मनांची स्थिती आणखी निराळी होती. १७२७ पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या परदेशी पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे, म्हणून त्यांच्या याद्या उरल्या. मात्र शपथ सोळा वर्षांवरील पुरुषांची असल्यामुळे त्याच जहाजातून आलेल्या बायकामुलांचा तिथे बहुधा मागमूस नसतो.

जे लिहिले गेले त्यातलेही पुष्कळ नष्ट झाले. यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून व्हर्जिनियातल्या काही काउंट्यांनी आपली दप्तरे राजधानी रिचमंडला पाठवली. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सैन्य शहर सोडताना लागलेल्या आगीत ती जळाली. जी दप्तरे सुरक्षिततेसाठी हलवली तीच गेली, हे जेम्स सिटी काउंटीच्या वंशजांना आजही सोसावे लागते. ग्लॉस्टर काउंटीचे दप्तर तर १८२० मध्ये एकदा जळाले आणि नंतरचे रिचमंडमध्ये गेले. युद्धखात्याच्या कचेरीला नोव्हेंबर १८०० मध्ये लागलेल्या आगीने स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांचे सुरुवातीचे पेन्शन-अर्ज संपवले. व्हर्जिनियाच्या १७९० च्या जनगणनेच्या मूळ याद्याही हाती नाहीत. त्या नावाने छापलेले पुस्तक १७८० नंतरच्या करयाद्यांवरून तयार केलेले आहे, आणि ही गोष्ट विसरून त्यातले नाव १७९० चे म्हणून अनेकांनी उतरवून घेतले आहे.

जन्माची नोंद नसेल तर अभ्यासक जमिनीकडे वळतात. वसाहतींच्या काळात माणसाचा जन्म कोणी टिपो न टिपो, त्याची जमीन मात्र कसोशीने टिपली जाई. खरेदीखतात पूर्वीच्या मालकाचे नाव येते, कधी ‘माझ्या मृत वडिलांकडून मिळालेली’ असा खुलासा येतो. एखादा माणूस जमीन विकताना दिसतो, पण विकत घेतल्याचा दस्त कुठेच नसतो. अशा वेळी ती वारसाने आली असावी, ही दिशा मिळते. पतीच्या जमिनीतल्या एकतृतीयांश हिश्श्यावर विधवेचा तहहयात हक्क असे. म्हणून जमीन विकताना बायकोची संमती घेतली जाई आणि पुष्कळ ठिकाणी न्यायाधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन ती राजीखुशीने हक्क सोडते आहे ना, असे विचारीत. या एका पद्धतीमुळे हजारो स्त्रियांची नावे टिकली आहेत. कितीतरी स्त्रियांचे नाव आयुष्यात फक्त या एका कागदावर आले.

करयाद्याही तितक्याच बोलक्या असतात. व्हर्जिनियात सोळा वर्षांवरील स्वतंत्र पुरुष आणि त्याच वयावरील गुलाम करपात्र धरले जात. मुलाचे नाव बापाच्या यादीत पहिल्यांदा आले की तो सोळाच्या आसपास पोहोचला असे मानता येते, आणि तशा वर्षानुवर्षांच्या याद्या ओळीने लावल्या की जन्मवर्ष जवळपास हाती लागते. बापाचे नाव जाऊन ‘अमक्याची मालमत्ता’ असा शेरा आला तर मृत्यूचा काळ कळतो. याउलट व्हर्जिनियाची ‘हेडराइट’ नोंद फसवी असते. एका माणसाच्या प्रवासाचा खर्च उचलणाऱ्याला पन्नास एकर जमीन मिळे. हा हक्क विकता येई, साठवून ठेवता येई, कधी एकाच माणसावर दोनदाही घेतला जाई. त्यामुळे हेडराइटच्या दस्ताची तारीख म्हणजे पूर्वज अमेरिकेत पोहोचल्याची तारीख, हा निष्कर्ष टिकत नाही.

कागद मिळाला तरी तो त्या काळाच्या भाषेत वाचावा लागतो. मराठीत जावई, सावत्र मुलगा, पुतण्या आणि भाचा यांना स्वतंत्र शब्द आहेत. सतराव्या शतकातल्या इंग्रजी मृत्युपत्रात तो आधार नाही. तिथे ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई असेल किंवा बायकोला पहिल्या नवऱ्यापासून झालेला मुलगा असेल. ‘कझिन’ पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा असतो. ‘ब्रदर’मध्ये मेहुणा आणि कधी चर्चमधला सहधर्मीही बसतो. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे बापलेकच असतील असे नाही. एका गावात एकाच नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर, आणि तो वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होई. ‘माझी सध्याची पत्नी’ असे मृत्युपत्रात लिहिले म्हणून आधी दुसरी बायको होती असेही ठरत नाही. वारसाहक्क कोणत्या पत्नीचा, हे पक्के करण्याची ती वकिली भाषा होती.

तारखांचा घोळ याहून मोठा आहे. इंग्लंड आणि त्याच्या वसाहती १७५२ पर्यंत जुन्या जूलियन पंचांगाने चालत आणि त्यांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. कोणाचे लग्न ५ नोव्हेंबर १७०२ रोजी आणि पहिले मूल २० फेब्रुवारी १७०२ रोजी अशी नोंद दिसली, तर आजच्या वाचकाला मूल लग्नाआधी झाले असे वाटते. वस्तुतः तो फेब्रुवारी नोव्हेंबरनंतर साडेतीन महिन्यांनी आला. अशा तारखा १७०२/०३ अशा जोडवर्षाने लिहिण्याची चाल होती, पण नक्कल करणाऱ्यांनी अनेकदा त्यातले एकच वर्ष ठेवले. क्वेकर पंथाचे लोक महिन्यांना क्रमांक देत, आणि त्यांचा ‘पहिला महिना’ १७५२ आधी मार्च होता. सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर एकदम १४ तारीख आली. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म मूळ नोंदीप्रमाणे ११ फेब्रुवारी १७३१/३२ चा. तोच आज २२ फेब्रुवारी १७३२ म्हणून पाळला जातो. म्हणजे वेगळ्या दिसणाऱ्या दोन तारखा कधी कधी एकच असतात.

खरा विरोध उरतो तेव्हा कागदांची संख्या मोजून निकाल लावता येत नाही. दहा पुस्तकांनी एकाच चुकीच्या पुस्तकावरून उतरवले असेल तर तो पुरावा एकच. मराठी इतिहासलेखनात बखर आणि अस्सल पत्र यांत जो भेद केला जातो, तोच इथे कामी येतो : कागद मूळ आहे की नक्कल, माहिती देणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिली होती की ऐकली होती, आणि घटनेनंतर किती काळाने ती लिहिली गेली. एकाच कागदातली सगळी माहितीसुद्धा सारख्या वजनाची नसते. मृत्यूच्या दाखल्यावरची मृत्यूची तारीख भरवशाची असते, पण त्याच दाखल्यावरचे मृताच्या आईचे नाव जावयाने आठवून सांगितलेले असू शकते.

मेफ्लॉवर जहाजाच्या प्रवाशांचा इतिहास या दृष्टीने फार उद्बोधक आहे. १६२० मध्ये या जहाजातून १०२ प्रवासी आले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. या प्रवाशांपैकी जॉन हाउलँड यांची पत्नी एलिझाबेथ ही पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांची मुलगी होती, असे वंशज पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी वसाहतीचा इतिहास लिहून त्याला प्रवाशांची यादी जोडली होती, पण ते हस्तलिखित स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत बोस्टनमधून नाहीसे झाले. पुढे ते लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडले आणि १८५६ मध्ये छापले गेले. त्यात ब्रॅडफर्ड स्पष्ट सांगतात की एलिझाबेथ ही जॉन टिली यांची मुलगी. ब्रॅडफर्ड त्याच जहाजावर होते आणि या माणसांना रोज पाहत होते. एका साक्षीदाराने शेकडो वंशजांची समजूत खोडून काढली आणि ते योग्यच झाले. इंग्लंडमध्ये बेडफर्डशरच्या हेनलो गावातली एलिझाबेथ टिलीच्या बाप्तिस्म्याची १६०७ मधली नोंद त्याच्याशी जुळते.

मेफ्लॉवरचेच प्रवासी स्टीफन हॉपकिन्स यांची कथा दुसऱ्या बाजूने शिकवते. ते ग्लॉस्टरशरमधले, आणि त्यांची पहिली पत्नी कॉन्स्टन्स डडली, असे विसाव्या शतकातल्या असंख्य पुस्तकांत छापलेले आहे. नाव सुंदर जुळत होते, कारण त्यांच्या मुलीचे नावही कॉन्स्टन्स. पुरावा मात्र नव्हता. १९९८ मध्ये कॅलेब जॉन्सन यांनी हॅम्पशरमधल्या हर्स्ली गावच्या पॅरिशच्या वहीत हे कुटुंब दाखवून दिले. तिथे मुलगी कॉन्स्टन्स हिचा ११ मे १६०६ चा बाप्तिस्मा आहे, पत्नीचे नाव मेरी आहे आणि ती १६१३ मध्ये वारल्याची नोंद आहे. जुळणारे नाव हा पुरावा समजण्याची खोड वंशावळीच्या क्षेत्रात सर्वांत खोल रुजलेली आहे आणि सर्वांत जास्त नुकसान तिनेच केले आहे.

या सगळ्या अडचणी एकत्र पाहायच्या तर अब्राहम लिंकन यांच्या घराण्याइतके चांगले उदाहरण नाही. मार्च १८४८ मध्ये काँग्रेसचे सदस्य असताना लिंकन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅमच्या सॉलोमन लिंकन यांना पत्रे लिहिली. सॉलोमन यांनी त्या गावाचा इतिहास लिहिला होता. लिंकन यांना आपले आजोबा अब्राहम व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत आले इतके ठाऊक होते. १८५९ मध्ये स्नेही जेसी फेल यांना पाठवलेल्या आत्मवृत्तात ते सांगतात की पूर्वज पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतून आले, पण न्यू इंग्लंडमधल्या त्याच आडनावाच्या घराण्याशी नाते जोडण्याच्या प्रयत्नातून इनॉक, लेव्ही, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशा नावांच्या सारखेपणापलीकडे काही निष्पन्न झाले नाही. साखळीची दोन्ही टोके एकमेकांशी पत्रव्यवहार करत होती आणि मधली कडी दोघांनाही दिसत नव्हती. लिंकन यांनी नावांच्या सारखेपणावर विसंबून नाते जाहीर केले नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारेच आहे.

ती कडी त्यांच्या मृत्यूनंतर जमिनीच्या आणि मृत्युपत्रांच्या कागदांतून जुळली. सॅम्युएल लिंकन १६३७ मध्ये इंग्लंडच्या नॉरफकमधून हिंगहॅमला आले. त्यांचा नातू मॉर्डेकाय मॅसॅच्युसेट्स सोडून न्यू जर्सीत गेला आणि तिथून पेनसिल्व्हेनियात. तो १७३६ मध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने न्यू जर्सीतली जमीन मुलगा जॉन याला ठेवली आणि पुढे जॉनने ती विकली. एकाच जमिनीने दोन प्रांत आणि दोन पिढ्या बांधल्या. हा जॉन १७६८ मध्ये व्हर्जिनियाला गेला. त्या वेळी ती जागा ऑगस्टा काउंटीत होती. १७७८ मध्ये तिच्यातून रॉकिंगहॅम काउंटी निघाली. म्हणजे एकाच शेताचे आधीचे कागद एका कचेरीत आणि नंतरचे दुसऱ्या कचेरीत. पूर्वज जागचा हलला नाही तरी त्याची काउंटी बदलते, हे लक्षात न घेतल्यामुळे अनेकांचा शोध अर्ध्यावर थांबला आहे. जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम केंटकीत गेला, तेव्हा केंटकी व्हर्जिनियाचाच भाग होता आणि आडनाव ‘लिंकहॉर्न’ असेही लिहिले जात होते.

कॅप्टन अब्राहम मूळनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले. नातवाने दिलेल्या हकिगतीवरून ते साल १७८३-८४ च्या सुमाराचे ठरते, पण अभ्यासकांनी १७८६ निश्चित केले. हा फरक किरकोळ नाही. थोरल्या मुलालाच सगळी जमीन देणारा व्हर्जिनियाचा जुना वारसाकायदा १ जानेवारी १७८७ पासून रद्द झाला. अब्राहम त्याच्या थोडे आधी वारल्यामुळे जमीन थोरला मुलगा मॉर्डेकाय याच्याकडे गेली आणि धाकटा थॉमस, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे वडील, रिकाम्या हाताने वाढला. थॉमस आणि नॅन्सी हँक्स यांच्या लग्नाची नोंद बराच काळ मिळत नव्हती, कारण ती केंटकीतल्या हार्डिन काउंटीत शोधली जात होती. तेवढ्यावरून लिंकन यांच्या जन्माविषयी ओंगळ अफवा उठल्या. १२ जून १८०६ च्या त्या लग्नाची नोंद शेवटी शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत निघाली. कागद सापडत नाही म्हणजे घटना घडलीच नाही, असे म्हणण्याचा अधिकार सगळ्या शक्य जागा पाहिल्यावरच मिळतो.

थेट पुरावा नसेल तेव्हा माणसाच्या भोवतालची माणसे शोधावीत, ही पद्धत एलिझाबेथ शोन मिल्स यांनी रूढ केली. वसाहतीतली कुटुंबे एकटी हलत नसत. शेजारी, मेहुणे, साक्षीदार आणि जामीनदार यांचा ताफा बरोबर असे. एकाच काउंटीत एकाच नावाचे तीन पुरुष असले तर त्यांना वेगळे करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग त्यांची बायको, त्यांच्या जमिनीलगतचा ओढा, त्यांचे साक्षीदार आणि त्यांची सही किंवा खूण हाच असतो. या शास्त्रात शिस्त आणण्याचे श्रेय डोनाल्ड लाइन्स जेकोबस यांच्या पिढीला जाते. १९६४ मध्ये अभ्यासकांना प्रमाणपत्र देणारे मंडळ स्थापन झाले, आणि आज मान्य असलेला दंडक असा आहे : शोध सर्व बाजूंनी करावा, प्रत्येक विधानाचा आधार द्यावा, पुरावे एकमेकांशी ताडून पाहावेत, विरोध असेल तर तो सोडवून दाखवावा आणि निष्कर्ष युक्तिवादासह लिहून ठेवावा. यातली विरोध सोडवण्याची अट सर्वांत जास्त टाळली जाते. गैरसोयीचा कागद बाजूला ठेवणे म्हणजे विरोध सोडवणे नव्हे.

या शिस्तीची गरज का पडली ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे पाहिल्यावर कळते. तेव्हा पूर्वजांवर आधारलेल्या संस्थांची लाट आली; ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ १८९० मध्ये निघाली, मेफ्लॉवरच्या वंशजांची राष्ट्रीय संस्था १८९७ मध्ये. प्रतिष्ठेची मागणी वाढली तसा बनावट माल आला. गुस्ताव्ह अँजू नावाच्या इसमाने श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी शंभराहून अधिक वंशावळी रचल्या. खऱ्या नोंदींच्या मधोमध तो स्वतः बनवलेली मृत्युपत्रे आणि पॅरिशच्या नोंदी घुसवी आणि घराणे थेट युरोपातल्या सरदारांपर्यंत नेऊन पोहोचवी. त्याच्या वह्या ग्रंथालयांत गेल्या आणि तिथून आजच्या संगणकीय वंशवृक्षांत उतरल्या. घरोघर सांगितल्या जाणाऱ्या ‘तीन भाऊ जहाजाने आले’ किंवा ‘पणजी चेरोकी राजकन्या होती’ या कथा बनावट नसतात, पण त्यांना पुरावा म्हणून घेता येत नाही. त्या कुठे शोधायचे एवढे सुचवतात.

आफ्रिकी अमेरिकी कुटुंबांसाठी अडथळ्याचे साल १८७० आहे. गुलामीत असलेल्यांची नावे जनगणनेत पहिल्यांदा त्या वर्षी आली. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढेच आहे. मूल आईच्या दर्जाचे, असा कायदा व्हर्जिनियाने १६६२ मध्ये केला. त्यामुळे मालकाच्या कागदांत आईचे नाव कधी कधी सापडते, बापाचे क्वचित. १८७० च्या मागे जायचे तर आधी मालक ओळखावा लागतो आणि मग त्याची मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या, गहाणखते वाचावी लागतात. तिथे माणसे गुराढोरांच्या शेजारी, किमतीसकट लिहिलेली भेटतात. मुक्तीनंतरच्या ‘फ्रीडमन्स बँके’च्या खातेवह्यांत मात्र आईवडील, भावंडे आणि दूर विकली गेलेली मुले यांची नावे खातेदारांनी स्वतः सांगितली आहेत. अमेरिकी दप्तरांत इतकी मौल्यवान नोंद दुसरी क्वचितच असेल.

याच क्षेत्रातला सर्वांत गाजलेला वाद अॅलेक्स हेली यांच्या १९७६ च्या ‘रूट्स’चा आहे. आपले आफ्रिकी पूर्वज कुंटा किंटे १७६७ मध्ये अॅनापोलिसला उतरले आणि मालकाने त्यांचे नाव टोबी ठेवले, असे हेली यांनी मांडले. गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शोन मिल्स यांनी १९८१ मध्ये दाखवले की मालकाच्या कागदांत टोबी १७६७ च्या आधीपासूनच आहे. वंशावळ म्हणून ती साखळी तुटली. तरीही लाखो लोकांना दप्तरखान्याच्या दारापर्यंत नेण्याचे काम त्या पुस्तकाने केले, आणि ते मोठे आहे.

डीएनएने नवा साक्षीदार आणला, पण त्याची साक्ष मर्यादित असते. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन हे त्यांच्या गुलामीत असलेल्या सॅली हेमिंग्ज यांच्या मुलांचे वडील होते का, याबाबत १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या चाचणीत, जेफर्सन यांच्या काकांच्या पुरुषवंशजांचे वाय गुणसूत्र सॅलीचा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळले. ज्यांच्यावर पितृत्व ढकलले जात होते त्या जेफर्सन यांच्या कार आडनावाच्या भाच्यांच्या घराण्याशी ते जुळले नाही. चाचणीने जेफर्सन घराणे सिद्ध केले. नेमका पुरुष कागदांनी ठरवला. सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या जन्माआधी नऊ महिन्यांच्या सुमारास जेफर्सन आपल्या मोंटिसेलो या मळ्यावरच होते आणि सॅलीचे पुत्र मॅडिसन हेमिंग्ज यांनी १८७३ मध्ये आपल्या वडिलांचे नाव जाहीरपणे सांगितले होते. मॅडिसन यांची साक्ष एका शतकाहून अधिक काळ दुर्लक्षिली गेली, कारण साक्ष देणारा गुलामीत जन्मला होता. पुराव्याचे वजन साक्षीदाराच्या सामाजिक दर्जाने ठरवण्याची ही चूक अमेरिकी इतिहासलेखनाने उशिरा मान्य केली. इतर गुणसूत्रांवरच्या सर्वसाधारण चाचण्या पाच-सहा पिढ्यांपलीकडे अंधूक होतात. शिवाय न्यू इंग्लंडच्या जुन्या गावांत तीच घराणी पुन्हा पुन्हा एकमेकांत सोयरीक करत असल्यामुळे दोन वंशजांचा डीएनए जुळला तरी तो कोणत्या पूर्वजाकडून आला ते कागदांवाचून सांगता येत नाही.

लिंकन यांच्या आईचे घराणेही असेच उलगडत आले. नॅन्सी ही ल्यूसी हँक्सची मुलगी, हे लिंकन यांचे वकिलीतले भागीदार विल्यम हर्नडन यांनी नोंदवले होते. ल्यूसीचे आईवडील कोण यावर अभ्यासकांचे अनेक दशके दोन तट होते. २०१५ मध्ये मातृवंशीय डीएनएच्या तुलनेने ल्यूसी ही जोसेफ हँक्स आणि अॅन ली यांची मुलगी, या बाजूने कौल दिला. नॅन्सीच्या वडिलांचे नाव सांगणारा कागद आजवर सापडलेला नाही.